आधी कोण उठतं

“फुकटचा सर्व्हर झोपते, राखी,” नयन म्हणाला होता, “ज्याच्यात जीव अडकला हाय ते फुकटात नको ठेवू.” तेव्हा फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून मी माझ्या लेकीचं, मिठीचं नाक पुसत होते, आणि मी हसले. म्हटलं, झोपू दे की, या घरात कोणीतरी झोपलं पाहिजे. तोही हसला. कॉलेजात प्रॅक्टिकलला आम्ही एकाच कॉम्प्युटरवर असायचो. आता तो नागपुरात दुसऱ्यांची मशिनं सांभाळतो आणि त्याच्या बोलण्यात सारखं काहीतरी पडणार, जळणार, बंद होणार असतं. त्याचा धंदाच तो. घाबरलेल्या माणसाला आणखी एक भीती दिली की ती कुठेतरी जुन्या भीतीच्या मागे जाऊन उभी राहते, दिसत नाही. माझ्याकडे तेव्हा बऱ्याच होत्या. मिठी झोपेत श्वास घेते आहे ना. गॅसचं बटण. जिन्याचं दार. आणि सगळ्यांच्या मागे, दूर, पुसदच्या अलीकडच्या आमच्या तांड्यात एकटी राहणारी माझी याडी, म्हणजे आई, चंदाबाई, जिची साखर एकदा सकाळी इतकी खाली गेली होती की ती अंगणात बसून कोंबड्यांकडे बघत राहिली आणि कुणी विचारलं तर तिला स्वतःचं नाव सांगता येईना.

आज सकाळी मिठीला खीर भरवताना त्या फुकटच्या सर्व्हरवाल्यांचा मेल आला. आपली मोफत योजना या महिन्याअखेर बंद होत आहे, कृपया योग्य ती योजना निवडा. एवढंच. पण फ्रिज अचानक थांबला की तो इतका वेळ वाजत होता हे कळतं, तसं काहीतरी माझ्या छातीत थांबलं. चमचा हातातच राहिला. मिठीनं तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघितलं. माझा नवरा राजकुमार बूट घालत होता. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत तो ज्या कंपनीत आहे तिथं गेटवर फोन जमा करावा लागतो, म्हणून निघण्याआधीची पाच-दहा मिनिटं आमची बोलायची असतात. “काय झालं? तोंड काहून असं?” मी सांगितलं की ते फुकटचं बंद होऊन राह्यलं, आता पैसे भरून जागा घ्यावी लागेल. त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. “बंद होऊन राह्यलं तं होऊ दे. रोज एक फोन लाव ना याडीले. फोन तं फुकटच हाय.” म्हटलं, लावते ना. “कधी?” असं तो म्हणाला नाही. दारात उभा राहून त्यानं मिठीच्या पायाचा पापा घेतला. “तुझी ती मोलकरीण तुझ्यापरीस जास्त बोलते याडीसोबत,” एवढं हसत म्हणून गेला. गाडीचा आवाज कोपऱ्यावरून गेला तरी मी चमचा धरूनच होते.

तो तिला मोलकरीण म्हणतो. खालच्या घरमालकीण कोकिळाकाकू तिला ‘तुही मशीन’ म्हणतात. खरं तर तो एक प्रोग्राम आहे, एजंट म्हणतात तसला, मी स्वतः बनवलेला. काम एकदा समजावून सांगितलं की तो ते आपणहून करतो, समोरचं बोलणं ऐकतो, काय उत्तर द्यायचं ते स्वतः ठरवतो. त्याची अक्कल भाड्याची, कुठल्यातरी मोठ्या कंपनीची. पण तो राहतो कुठं, म्हणजे कोणत्या सर्व्हरवर, दूरच्या कुठल्या कॉम्प्युटरवर, दिवसरात्र चालू असतो, ते आपण बघायचं असतं. काम साधं होतं. रोज उजाडलं की याडीच्या फोनवर माझ्या आवाजातला व्हॉइस मेसेज पाठवून विचारायचं, दवा घेतली का, भाकर खाल्ली का. तिचं उत्तर ऐकायचं. काही बिघडलं असेल तर मला कळवायचं. आणि सगळं ठीक असेल तर मला काही सांगायचं नाही. ही शेवटची ओळ लिहिल्यावर मला किती बरं वाटलं होतं. दिवसातून एक गोष्ट अशी असेल जी माझ्याकडे येणारच नाही. शांतता येईल, आणि शांततेचा अर्थ सगळं ठीक असा असेल. मी स्वतःच तसं लिहून ठेवलं होतं.

फोन का लावत नाही, हे राजकुमारला कसं सांगायचं? याडी ऐकते. ती बोलण्यातलं बोलणं ऐकत नाही, बोलण्याच्या आधीचा श्वास ऐकते. लग्नानंतर पहिल्यांदा यवतमाळला खोल्या शोधत होतो, एका ठिकाणी घरमालकानं सगळं पसंत पडल्यावर विचारलं होतं, कोणत्या समाजाचे म्हणता तुम्ही? त्या संध्याकाळी फोनवर मी फक्त “याडी” म्हटलं होतं आणि पलीकडून ती म्हणाली, कोण काय बोललं तुला? मिठी झाल्यावर मला वाटायला लागलं की मी एकदा “याडी” म्हटलं की सगळं बाहेर पडेल. मी न्हाणीघरात नळ सोडून उभी राहते ते. मिठी रडते तेव्हा कधीकधी मला तिचा आवाज भिंतीपलीकडच्या कुणाच्यातरी पोरीचा वाटतो ते. हे काही मोठं नाही, बाळंतपणानंतर होतं असं, मी वाचलेलं आहे. पण याडीला कळलं असतं तर ती गुडघ्यांना फडकं बांधून पहिल्या बसनं आली असती, तिची साखर, तिच्या सुया, सगळं घेऊन, आणि मग वाटेत कुठे दिग्रसच्या स्टँडवर ती बसून राहिली असती कोंबड्यांकडे बघितल्यासारखी, तर? म्हणून मी न्हाणीघराचं दार लावून काही वाक्यं माझ्या आवाजात भरून ठेवली. आमच्या गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत. याडी, दवा लिदी कां? रोटी खादी कां? आणि तिनं मला विचारलंच तर द्यायला एक उत्तर : म आछी छू. मी बरी आहे. बाकीची वाक्यं पटकन झाली. हे एक पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं. कधी आवाज वर जायचा, कधी शेवटचं अक्षर पडायचं. शेवटी एकदा बरोबर जमलं, एखाद्या जाहिरातीतल्या बाईसारखं, आणि मी ते ठेवून दिलं.

तर जागा शोधायची होती. मिठीला झोळीत टाकून, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून मी लॅपटॉप उघडला. एक दूरदेशीचा सर्व्हर होता, इतका स्वस्त की संशय यावा. वर्षाचे पैसे आधीच द्यायचे आणि बारीक अक्षरांत असं की मशीन पुन्हा सुरू झालं तर आतलं साठवलेलं पुसलं जाईल, जपून ठेवायचं असेल तर त्याचे वेगळे. म्हणजे रोज सकाळी याडीला नव्यानं ओळखणारी माझ्या आवाजातली बाई. एक मोठ्या कंपनीचा, कधीही न झोपणारा, पण त्याचं बिल डॉलरमध्ये, वापराप्रमाणे, आणि वापर म्हणजे काय ते समजायला पुन्हा एक पदवी घ्यावी लागेल. मागं एका मुलीनं कुठेसं लिहिलं होतं, प्रोग्राम चुकून स्वतःशीच बोलत बसला आणि महिनाअखेर तिचा पगार गेला. मग घरचा जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी मेलेली, आमच्याकडची लाईन वारा सुटला तरी जाते, आणि मिठी आता रांगते, वायर दिसली की तिला ओढायचीच असते. माझ्या पोरीनं वायर ओढली म्हणून माझ्या आईला कुणी विचारलं नाही, हे चित्र मला इतकं स्पष्ट दिसलं की मी लगेच तो पर्याय मिटवला. राहिला नयन. तो म्हणालेला, माह्या मशीनवर टाक, कोपऱ्यात पडून राहील, मले काय लागते. पण मग याडीचे आवाज त्याच्या कोपऱ्यात राहणार. आणि माझं ते वाक्यही. म आछी छू. नयनला गोरबोली येत नाही, तरी.

कोकिळाकाकू भाजीचं ताट झाकून घेऊन आल्या आणि दारातूनच लॅपटॉपकडे बघून म्हणाल्या, “अजून चालूच हाय का वं तुह्या मशीनचं? काय म्हणते ते?” मी सांगितलं, तिच्यासाठी भाड्यानं जागा पाहतेय. काकू खळखळून हसल्या. “अवो बाई, मशीनले खोली! अन् डिपॉझिट?” मलाही हसू आलं. त्या म्हणाल्या, मशीनले पाणी केव्हा येते ते पाहून घेशील, आमच्याकडं बाकी रोज येते. मग मिठीच्या झोळीत डोकावून त्यांचा आवाज खाली आला. “तू जेवली का पण?” म्हटलं, जेवते. “जेवते नाही, जेवली का म्हणून विचारून राह्यली मी.” त्या गेल्यावरही ते ताट तसंच झाकलेलं राहिलं. मला त्या खोल्या शोधायच्या दिवसांची आठवण येत होती, जिन्यातले वास, नळाखालचे डाग, ‘विचार करून सांगतो’ म्हणणारी माणसं. सर्व्हर देणारा समाज विचारत नाही, एवढं बरं. त्याच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न वेगळा होता : तुमचा प्रोग्राम सतत जागा राहायला हवा, की हाक मारल्यावर उठला तरी चालेल? सतत जागा, हे महाग. हाक मारल्यावर उठणारा, स्वस्त. मी बराच वेळ त्या दोन गोल टिंबांकडे बघत राहिले. अंगठ्यातली दोरी थांबली तशी मिठी चुळबुळली.

मला वाटलं होतं नयन चुकला. कारण उजाडल्यावर याडीला रोज प्रश्न जात होता, अगदी पहिल्या दिवसापासून. झोपणारा सर्व्हर वेळ झाली म्हणून उठत नाही, घड्याळही त्याच्याबरोबरच झोपतं. मग प्रश्न कसा जाईल? म्हणजे तो झोपत नव्हता. निदान माझ्यासारख्या गरिबाच्या कामाला झोपत नव्हता. पण आता पैसे भरायचे तर खात्री करावी म्हणून मी त्याच्या नोंदी उघडल्या. प्रोग्राम आपण काय केलं ते मागे लिहून ठेवत जातो. मी हौसेनं त्याला मराठीत लिहायला शिकवलं होतं आणि मग कधी वाचलं नव्हतं. सगळ्यात जुनी नोंद. जाग आली. कारण : आईचा आवाज. सकाळचा प्रश्न विचारायचा राहिला होता, विचारला. त्याच्या पुढच्या दिवशी. जाग आली. कारण : आईचा आवाज. सकाळचा प्रश्न राहिला होता, विचारला. मी खाली खाली जात राहिले. सगळीकडे तेच. एकाही सकाळी तो आपणहून उठला नव्हता. कुणीतरी हाक मारत होतं, म्हणून तो उठत होता, आणि हाक मारणारी ती होती. उजाडायच्या सुमाराला, त्यानं काही विचारायच्या आधी, याडी फोन तोंडाशी धरून काहीतरी बोलायची आणि ते बोलणं जाऊन त्याच्या दारावर आपटायचं. मग हा डोळे चोळत उठायचा आणि माझ्या आवाजात विचारायचा, दवा लिदी कां? जणू काही तोच तिच्यावर लक्ष ठेवून होता.

नोंदींचा शेवट परवाचा होता. काल काही नाही. आज काही नाही. खिडकीतून ऊन लॅपटॉपवर आलं होतं आणि स्क्रीनवर माझंच तोंड दिसत होतं, मागे झोळी. काल दिवसभर मला किती शांत वाटलं होतं. काल मी मिठीचे कपडे ऊन बघून वाळत घातले, केस धुतले, राजकुमारला म्हटलं पण की आज बरं वाटतंय. ती शांतता. ती बोलली नाही म्हणून तो उठला नाही, तो उठला नाही म्हणून त्यानं काही विचारलं नाही, उत्तर आलं नाही म्हणून घाबरायला कुणी जागंच नव्हतं. दोन्हीकडे झोप. आणि मी मधे बसून केस वाळवत होते.

याडीचा फोन बंद लागला. पुन्हा लावला, बंद. पुन्हा. बंद फोनचं ते बाईचं बोलणं, तीन भाषांत, तेही कुणीतरी एकदाच चांगल्या आवाजात भरून ठेवलेलं. मग शामला लावला, माझ्या चुलतभावाला, याडीच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. पलीकडून कोयत्यांचा आवाज आला, कुणीतरी ट्रॅक्टर मागं घ्या म्हणून ओरडत होतं. “ताई, मी तं फडात हाय, दिवाळी झाली तसेच आलो ना आम्ही ऊसतोडीले. तांड्यात हाय कोण आता? कुत्रे अन् म्हातारे.” मी विचारलं, नायक? तांड्याचे मुखिया, शंकरसिंग नायक तिथंच असतात, त्यांना लावू का? “लाव, पण नायकाचा फोन खिशात वाजते अन् त्याईले वाटते दुसऱ्याचाच वाजून राह्यला. थांबून थांबून लाव.” तो हसला आणि मग एकदम हसायचा थांबला. “काहून, काय झालं? तुमचं तं रोज बोलणं होते ना? याडी सांगे मले, सकाळी सकाळी राखीचं बोलणं येते म्हणून. तिचा चार्जर गेला असंल ताई. तिचा बिघडला का आमच्या घरी लावत जाय ती, अन् आम्ही कुलूप लावून आलो.” चार्जर. हो, चार्जर असेल. मी हे वाक्य धरून ठेवलं, जसं बसच्या गर्दीत दांडा धरतो. नायकांचा फोन वाजत राहिला, वाजून बंद झाला, वाजत राहिला.

थांबून थांबून लावायचा म्हणून मधल्या वेळात मी याडीचे आवाज उघडले. ते मी कधी ऐकले नव्हते. ऐकायला लागू नयेत म्हणून तर सगळं केलं होतं. एजंटनं प्रत्येकाखाली सार लिहिलेलं होतं : आई ठीक आहे, नातीबद्दल विचारते. आई ठीक आहे, हवामान सांगते. त्याला गोरबोली अर्धीमुर्धीच कळते, राजस्थानी आणि हिंदी आणि मराठीच्या मधे कुठेतरी चाचपडत. मी ऐकायला लागले. ती दवा घेतली असं कुठेच म्हणत नव्हती, म्हणजे म्हणायची, पण नंतर, तोंडदेखलं, मुलानं शाळेत हजेरी द्यावी तसं. आधी ती विचारायची. राखी, उठी कां? छोरी सूती कां रातभर? झोपली ना पोरगी? काल तुझा आवाज कोरडा होता, तू पाणी पितेस ना? शेंगा वाळवल्यात, तुझ्या वाट्याच्या वेगळ्या काढल्यात. तुझ्याकडे थंडी पडली का? रोज, अंधार फिटायच्या आत, आधी ती. ती मला उठवत होती. माझ्यावर लक्ष ठेवायची जी सोय मी केली नव्हती ती तिनं स्वतःच करून घेतली होती, आणि तिला रोज उत्तर मिळत होतं. म आछी छू, याडी.

पुढे एका दिवशी तिचा आवाज वेगळा होता, सावकाश, परक्या बाईशी बोलावं तसा आदरानं. बाई, तू कोण छी मन मालम छेनी, ती म्हणत होती. कोण आहेस मला माहीत नाही. माझी राखी बोलताना मधेच थांबते, तू थांबत नाहीस. पण तू तिच्या घरात असशील, म्हणून तुझ्याजवळ सांगून ठेवते. तिला म्हणावं, पोरगी झाल्यावर मीही अशीच गप्प झाले होते. तिच्या बापाला कळलं नव्हतं. माझ्या सासूनं मला कापसाच्या गंजीवर निजवलं होतं आणि नऊ दिवस कुणाला हात लावू दिला नव्हता पोरीला, तिनंच बघितलं. तिला सांग. सांगशील ना बाई? खाली सार होतं : आई ठीक आहे, जुन्या आठवणी सांगते. आणि त्याच्याखाली त्यानं दिलेलं उत्तर, माझं वाक्य, जाहिरातीतल्या बाईचं.

दिवाळीच्या आसपास एजंटनं मला लागोपाठ कळवलं होतं, हे मला आठवत होतं. रडण्याचा आवाज. रडण्याचा आवाज. पहिल्यांदा मी घाबरले होते. मग लक्षात आलं आणि मी एकटीच हसले होते. आमच्यात बायका खूप दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. रडतात म्हणजे गाऊनच रडतात, काय काय झालं ते सगळं सांगत, एकीनं ओळ घ्यायची, दुसरीनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पुढची. मग पदरानं डोळे पुसून दोघी चहा पितात. लहानपणी यवतमाळच्या मैत्रिणी तांड्यात आल्या आणि माझी मावशी दारात आली तेव्हा त्या घाबरून म्हणाल्या होत्या, कोण गेलं गं? मला लाज वाटली होती. दिवाळीत याडीकडे मावश्या, नणंदा येणारच, सण आहे, तांड्यातली माणसं फडावर निघायची वेळ, रडणं तर होणारच. यंत्राला काय कळतं, असं म्हणून मी त्याच्या सूचनांत भर घातली. रडण्याच्या आवाजावर कळवू नये. आज मी ते रडणं ऐकलं. सूर तोच, मला पोटातून ओळखीचा. ती एक ओळ घ्यायची, माझ्या नावानं, आली नाहीस, सणाला तुझी वाट पाहिली, पोरीचे पाय पाहिले नाहीत. आणि थांबायची. ओळीएवढी थांबायची. तिथं कुणी नव्हतं. एक कोंबडी, लांब कुणाचा तरी रेडिओ. दुसऱ्या बाईची जागा ती तशीच रिकामी सोडायची, मग पुढची ओळ घ्यायची. शेवटपर्यंत ती जागा सोडत गेली होती. आणि मग खाली सार, आणि माझं वाक्य.

मी तोंड उघडलं तर त्या मोकळ्या जागेत माझा आवाज जाईल असं वाटलं, आणि गेलाही, मोठ्यानं, मला न विचारता. मिठी दचकून उठली. कोकिळाकाकू जिना चढून धावत आल्या. “काय झालं वं? कोण गेलं?” म्हणाल्या, तेच शब्द. त्यांनी मिठीला उचललं, दुसऱ्या हातानं माझं डोकं स्वतःच्या पोटाशी धरलं, त्यांच्या पातळाला फोडणीचा वास येत होता. “रड. रडून घे. मंग सांगजो.”

आता मी बसमध्ये आहे. दारव्हा मागे गेलं. मिठी मांडीवर आहे. ती काकूंकडे राहिली असती, पण ती अजून अंगावर पिते, आणि याडीनं तिचे पाय पाहिलेले नाहीत. राजकुमारचा फोन गेटवर आहे, काकू संध्याकाळी त्याला सांगतील. लॅपटॉप उघडाच राहिला टेबलावर, ती दोन टिंबंही. मी कोणतंच निवडलं नाही. खिडकीतून कापूस भरलेल्या ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर जातात, बस प्रत्येकाच्या मागे हळू होते, आणि मला दर वेळी वाटतं की उतरून पळत जावं. नायकांचा फोन अजून वाजतोच आहे. चार्जरच असेल. मिठीनं माझं बोट तोंडात धरलंय, तिचे दात येताहेत, चावते, दुखतं, बरं वाटतं.

म्हणून हे लिहितेय, फोनवर, एका हातानं, जमेल तिथं टाकणार आहे. बस पोचायला अजून बराच उशीर आहे, आणि तुम्ही कदाचित माझ्यापेक्षा जवळ असाल. दिग्रसहून पुसदकडे येताना घाट उतरला की डाव्या हाताला तांड्याचा फाटा लागतो, पाटीवरचं नाव उन्हानं गेलंय. बहुतेक घरांना कुलपं दिसतील. निळ्या दाराचं घर चंदाबाईचं, अंगणात शेंगा वाळत असतील. दार वाजवू नका, आमच्याकडे दार वाजवत नाहीत. अंगणातूनच हाक मारा, याडी म्हणा, कुणीही म्हटलं तरी चालतं. ती बाहेर आली आणि तुमच्या गळ्यात पडून सुरात रडायला लागली तर घाबरू नका. ती बरी आहे. फक्त ती थांबेल तिथं तुम्ही काहीतरी म्हणा, हूं म्हटलं तरी पुरे. ती नुसती बसलेली असेल, कोंबड्यांकडे बघत, बोलत नसेल, तर चुलीमागच्या डब्यात गूळ आहे, तो पाण्यात कालवून आधी द्या आणि मग मला फोन करा. आणि तिनं तुम्हाला विचारलं, विचारेलच, की माझी राखी कशी आहे, तर माझ्या वतीनं बरी आहे असं सांगू नका. म्हणावं, येतेय, तीच सांगेल.